हळदीकुंकवाची नोटीस

सी-१०४ (महिला मंडळ): नमस्कार 🙏 शनिवारी संध्याकाळी ५ वाजता क्लब हाऊसमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सर्व सुवासिनींनी अगत्य यावे.

ए-२०३: काकू, 'सुवासिनींनी'ऐवजी 'महिलांनी' लिहिता येईल का?

बी-५०१: आता हळदीकुंकवातही पॉलिटिकल करेक्टनेस! पिढ्यान् पिढ्यांचा शब्द आहे, शिवी नाही. अशाने उद्या बोलायचीच चोरी होईल.

सी-१०४: माझ्या मनात तसं काही नव्हतं गं. आमच्याकडे आमंत्रण असंच लिहितात.

ए-२०३: माहीत आहे काकू. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस तुमच्याकडून डबा येत होता. म्हणूनच तुम्हाला मोकळेपणाने सांगते. मागच्या संक्रांतीला आईने मंडळासाठी दोन दिवस बसून तिळाचे लाडू वळले. कार्यक्रमाच्या वेळी मात्र दिवाही न लावता घरात बसून राहिली. चल म्हटलं तर म्हणाली, "नोटीस वाचलीस ना? मला कुठे बोलावलंय?"
काका, शब्द शिवीचा नाही हे खरं. पण आत कोणी यायचं आणि बाहेर कोणी राहायचं, हे तो ठरवतो.

बी-५०१: वाईट वाटलं वाचून. पण मग लिहायचं काय? गंगा भागीरथी?

ए-२०३: ते तर नकोच. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव राज्यात पुढे आला, तेव्हा कितीतरी बायका चिडल्या होत्या. जुन्या पत्रिकांवर 'गं. भा.' छापायचे ते आठवा. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण तेच नाव बाईच्या नावामागे लावलं की नवरा गेल्याची पाटी होते. त्यापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. नवा शब्द एकही शोधला नाही. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं.

ए-६०४: बरोबर. आपल्या दादासाहेब गायकवाडांचंच घ्या ना. १९३० ला काळारामाचं दार उघडा म्हणून सत्याग्रहात पुढे होते. आणि १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' शब्द कायद्यात आला, तेव्हा बाबासाहेबांबरोबर त्यांनी विरोध केला, सभात्याग केला. गोड नाव नको होतं त्यांना, हक्क हवा होता.

डी-४०२: मग नोटीस बोर्डावरची 'थकबाकीदार' यादीही काढा. आमचीही मानहानीच होते.

ए-२०३: ती राहू दे दादा. मेंटेनन्स भरायचा की नाही हे आपल्या हातात असतं. नवरा जाणं आईच्या हातात नव्हतं. कुणाला वाईट वाटेल म्हणून खरी तक्रारच करायची नाही, असं मी म्हणत नाहीये.
आणि बी-५०१ च्या आजी घरी सवाष्ण जेवायला बोलावतात, त्यांना मी कधीच टोकणार नाही. त्यांचं घर, त्यांचा कुळाचार. ८४ व्या वर्षी त्यांना शब्द शिकवायला जाणं हा उद्धटपणाच. पण क्लब हाऊस सगळ्यांचं आहे. त्याचे पैसे आईही भरते.

बी-५०१: मला सगळं पटलेलं नाही. शब्दाशब्दाला अडवणं मला अजूनही चूकच वाटतं. पण आईंना घेऊन ये. फक्त एक विचारतो. 'महिलांनी' लिहिलंत, त्या आल्या, आणि तिथे नुसतं वाण हातात देऊन बाजूला बसवलंत तर? ते जास्त लागेल ना त्यांना?

(बराच वेळ कुणाचाच मेसेज नाही.)

सी-१०४: मी स्वतः लावेन त्यांना कुंकू. त्यांना चालणार असेल तर. नोटीस बदलते आत्ता.

ए-२०३: विचारते तिला, काकू.