मदत हवी आहे: पीव्हीसी पाइपच्या लाइटसेबरला धातूची चकाकी कशी आणू?

कॉस्च्युमसाठी १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या ल्यूकच्या लाइटसेबरची (प्रकाशाचं पातं असलेल्या तलवारीची) नुसती मूठ बनवतोय, पातं नको. मूळ मूठ जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती. तो दांडा आता संग्राहकांच्याच हाती असतो, माझ्या बजेटात बसत नाही. म्हणून पीव्हीसी पाइप घेतला. आकार छान जमलाय, क्लॅम्पही हुबेहूब झालाय, अगदी मनासारखा.

घोडं अडलंय ते रंगावर. पाइप घासला, प्रायमर मारला, त्यावर चकचकीत काळा आणि मग क्रोम स्प्रे. रात्रभर वाळल्यावर आरशासारखा दिसत होता! पण हात लावला की बोटांचे ठसे उमटायचे, म्हणून वरून क्लिअर लॅकर मारलं आणि पाच मिनिटांत सगळी चमक गेली. आता राखाडी प्लॅस्टिक दिसतंय.

क्रोम आणखी काही दिवस वाळू द्यायला हवा होता का? की लॅकरच वेगळं लागतं? का रंगाचा नाद सोडून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळू? तिचा जोड लपवता येतो का?

शिवाय पकडीच्या काळ्या रबरी पट्ट्या सुपरग्लूने चिकटवल्यात, त्या कडेने सुटताहेत. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.