नेपाळमधील अनाथ मुलांच्या संस्थेला भेट द्यावी का, आणि कशी?

सहकारनगरकर:
नमस्कार. आम्ही आठ जण, बहुतेक सेवानिवृत्त शिक्षक, दिवाळीनंतर पुण्याहून काठमांडू आणि पोखरा येथे जात आहोत. अनाथ मुलांचा सांभाळ करून त्यांना शिकवणाऱ्या तिथल्या एखाद्या स्थानिक संस्थेत एक दिवस घालवावा, मुलांना गाणी शिकवावीत, स्वेटर आणि दप्तरे द्यावीत, असे आमच्या मनात आहे. सहलीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ म्हणतात की पोखऱ्यात तासाभराची भेट ते लगेच ठरवून देतील. इतक्या सहज ठरते म्हणूनच मला शंका आली. संस्था चांगली आहे हे कसे ओळखावे आणि पैसे कसे द्यावेत?

पायवाट:
आपली शंका रास्त आहे. २०१५च्या भूकंपानंतर मी काही महिने काठमांडूच्या खोऱ्यात शाळा उभारणीच्या कामावर होतो, तेव्हा हा प्रश्न जवळून पाहिला. नेपाळमध्ये ७७ जिल्हे आहेत, पण बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की या पाचच जिल्ह्यांत आहेत. पोखरा कास्कीतच येते, आणि हे पाचही जिल्हे पर्यटकांच्या वाटेवरचे आहेत. युनिसेफच्या म्हणण्यानुसार तिथल्या बालगृहांतील सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. १९९६ ते २००६ या माओवादी सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना ‘शहरात चांगली शाळा मिळेल’ असे सांगून दलालांनी त्यांच्याकडूनच पैसे घेतले, मुले खाली आणली आणि कागदोपत्री त्यांना अनाथ ठरवले. पाहुण्यांच्या देणग्या मिळत राहिल्या, म्हणून हा व्यवहार पुढेही टिकला. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये अशा प्रकाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली.

संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडची किती मुले आपल्या घरी किंवा नातेवाइकांकडे परत गेली? ज्यांचे काम सचोटीचे आहे, ते याविषयी भरभरून बोलतात. अनोळखी पाहुण्यांना थेट मुलांच्या खोलीत नेणाऱ्या संस्थेपासून मात्र दूर राहा.

शेवंती:
मी पुण्यातल्या एका बालगृहात वाढले, म्हणून थोडे लिहिते. रविवारी पाहुणे यायचे. आम्ही हातपाय धुऊन सतरंजीवर रांगेत बसायचो आणि स्वागतगीत म्हणायचो, कधी कधी एकाच दिवशी तीनदा. मी दुसरीत असताना एक ताई सलग तीन रविवार आल्या आणि त्यांनी माझ्या लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातल्या. ‘पुढच्या रविवारी येते’ असे त्या म्हणाल्या होत्या. मी बुधवारपर्यंत कोणालाही वेण्या सोडू दिल्या नाहीत, शेवटी मावशींनी मी झोपेत असताना सोडल्या. ताई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मला आज कळते, पण पुढे कोणी जवळ घेतले की मी अंग चोरायची, आणि ती सवय जायला फार वर्षे लागली. याउलट माझ्या दहावीच्या शिकवणीची फी ज्या आजोबांनी भरली, त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मला नोकरी लागल्यावर, पेढे द्यायला गेले तेव्हा. आपण सगळे शिक्षक आहात, म्हणून आग्रहाने सांगते की एका दिवसासाठी मुलांमध्ये जाऊ नका. मुले शाळेत गेलेली असतील अशा वेळी जा आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावश्यांशी, शिक्षकांशी बोला.

जमाखर्च:
पैशांविषयी थोडक्यात. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही. नेपाळमधील संस्थेला परदेशातून मदत घ्यायची असेल तर तिथल्या समाजकल्याण परिषदेशी ती संलग्न असावी लागते, तेव्हा तो कागद आणि लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. रक्कम संस्थेच्या बँक खात्यातच भरा, कोणाच्या हातात रोख देऊ नका. स्वेटर इथून वाहून नेण्यापेक्षा संस्थेला गरज विचारून तिथल्या बाजारात घेतलेले बरे. मुलाला आईजवळ किंवा आजीजवळ ठेवून त्याच्या शाळेचा खर्च उचलणारी संस्था मिळाली, तर मी तिलाच प्राधान्य देईन. आपल्याकडची बाल संगोपन योजनाही मूल कुटुंबातच वाढावे याच विचाराने चालते.

सहकारनगरकर:
सर्वांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचे उत्तर मी काल आमच्या बैठकीत वाचून दाखवले आणि त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पोखऱ्यातली ती तासाभराची भेट आम्ही रद्द केली आहे. मुलांना घरी परत पोहोचवण्याचे काम करणाऱ्या काठमांडूतील दोन संस्थांना पत्र लिहिले असून, मुले शाळेत असतानाच्या वेळेत फक्त कार्यालयात भेटण्याची परवानगी मागितली आहे. आमच्यातील दोघी जणींनी चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले आहे. तिथल्या शिक्षकांना उपयोग होणार असेल तर त्या शिक्षकांसाठी एक दिवसाचा वर्ग घेऊ शकतील, हेही पत्रात कळवले आहे. उत्तर आले की इथे लिहितो.