हेरांच्या ‘सत्यकथा’ खऱ्या मानायच्या का?

केळीवाला, रावेर

या महिन्यात आमच्याकडे शेतीला रात्रीची लाईट आहे. बागेत ड्रिपचे चार व्हॉल्व्ह, दर दोन तासांनी एक बंद करून दुसरा सोडायचा. मधे डोळा लागला की गेलंच, म्हणून मोटारीच्या खोलीत खाट टाकून वाचत बसतो. दसऱ्यापासून अशी दहा-अकरा पुस्तकं झाली. तीन-चार रहस्यकथा, बाकी हेरगिरी, त्यातली निम्मी कादंबऱ्या आणि निम्मी ‘सत्य घटना’ छापाची.

आता माझं मत. या सगळ्यांत सर्वात कमी भरवशाचं काय असेल तर हेरगिरीवरचं ‘सत्य’ लेखन.

ओलेग गोर्डिएव्हस्कीचं बघा. हा केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या हेरखात्याचा अधिकारी, आतून वर्षानुवर्षं ब्रिटिशांना माहिती पुरवत होता. संशय आल्यावर जुलै १९८५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला गाडीच्या डिकीत घालून रशियातून फिनलंडच्या हद्दीपार काढलं. बेन मॅकिन्टायर यांच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. नाक्यावर कुत्री डिकीपाशी येतात, तेवढ्यात ब्रिटिश अधिकाऱ्याची बायको तान्ह्या बाळाला डिकीच्या झाकणावर ठेवून त्याचं लंगोट बदलते आणि घाणेरडं लंगोट कुत्र्याच्या तोंडाशी टाकते. हे वाचताना मी व्हॉल्व्ह फिरवायचा विसरलो, चार ओळींत नुसता चिखल.

सकाळी विचार आला, हे मला सांगतंय कोण? ज्यांना थाप मारायचाच पगार मिळत होता तेच. आणि हेरखात्याच्या फायली तर बंद. ब्रिटिश हेरखात्यात राहून रशियासाठी हेरगिरी करणाऱ्या किम फिल्बीने १९६३ मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळून गेल्यावर १९६८ मध्ये आत्मचरित्र छापलं, तेही वाचनालयात चरित्रांच्याच कपाटात ठेवतात. चोराने स्वतःच्या घरफोडीचा पंचनामा लिहावा, तसं आहे हे!

त्यापेक्षा जॉन ले कारे बरा. स्वतः हेरखात्यात नोकरीला होता, पण लिहिली कादंबरी. ‘हे खरं आहे’ अशी शपथ त्याने घेतली नाही, म्हणून मला तो जास्त खरा वाटतो. बोला.

दप्तरखाना, धुळे

भाऊ, पुस्तकं चांगली वाचताय, निष्कर्ष मात्र घाईचा काढलात. सांगणारा लबाड असू शकतो, म्हणून सांगितलेलं सगळं रद्दी? मग इतिहासच बंद करावा लागेल.

आमच्या गावात इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं दप्तर आहे. या माणसाने गावोगाव फिरून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या कोनाड्यातून कागद जमवले. १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. बखरकार काय म्हणतात आणि त्याच वेळी लिहिलेली पत्रं काय म्हणतात, हे त्यांनी समोरासमोर ठेवलं. बखरीत थापा आहेत हे त्यांनीच ठणकावून सांगितलं, पण म्हणून बखरी कुणी तापीत बुडवल्या नाहीत. सोनार जसं सोनं कसाला लावतो, तसं लावायचं.

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचं उदाहरण घ्या. सुरतेच्या प्रसंगात बखरकार सभासद त्यांचं नाव घेतो. अस्सल साधनांत त्यांच्याबद्दल याहून फार काही हाती लागत नाही. बाकी सगळे वेश, सगळ्या युक्त्या, संवादसुद्धा, नंतरच्या कादंबऱ्यांनी दिले. आणि आज पोरं तेच इतिहास म्हणून सांगतात. म्हणजे ‘शपथ न घेणारी’ कादंबरीसुद्धा निरुपद्रवी नसते, केळीवाले भाऊ. उलट तीच जास्त पसरते.

आप्पा, भुसावळ

काय भो, एवढ्या तेवढ्यावर कोर्टकचेरी! मी रेल्वेत होतो, मालगाडीवर गार्ड. रनिंग रूमला, म्हणजे ड्युटीनंतर झोपायच्या खोलीत, उशाशी रहस्यकथावाले बाबूराव अर्नाळकर असायचेच. त्यांचे नायक काळापहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा छोटू. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. एकातलं तरी खरं होतं का? आणि पाहिजे कुणाला खरं? बारा तास ब्रेकव्हॅनमध्ये हाडं खिळखिळी झाल्यावर मला खरं नको होतं, धनंजय पाहिजे होता.

आता एक किस्सा. गावातल्या वाचनालयातून एक रहस्यकथा आणली. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘खुनी दिवाणजी आहे’. अशी तळपायाची आग मस्तकात गेली! तरी वाचली. पावणेदोनशे पानं त्या दिवाणजीवर डोळा ठेवून बसलो. त्याने पानदान उघडलं तरी मला त्यात विष दिसायचं. शेवटी खुनी निघाली मावशी. दिवाणजी बापडा गरीब गाय. तो पेन्सिलवाला जर मला सापडला ना, त्याला नमस्कार करीन. खरा हेर तो.

केळीवाला, रावेर

आप्पा, माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलं. छापलेल्या पुस्तकापेक्षा तुम्ही त्या पेन्सिलीवर विश्वास ठेवला, कारण ती ‘आतली माहिती’ वाटली. हेरांच्या सत्यकथा अगदी अशाच विकल्या जातात.

दप्तरखाना, पानिपतची पत्रं तरी तुमच्या हातात आहेत. इथे कस लावायला सोनंच देत नाहीत.

निवृत्त कारकून, अमळनेर

कोर्टात तीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, पण रहस्यकथेचा जास्त राग आहे.

रहस्यकथेत काय होतं? शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, एकेकाचं बिंग फोडतो, खुनी घाम पुसत कबुली देतो. खेळ खलास. आमच्याकडे खेळ तिथून सुरू होतो. पोलिसासमोर दिलेल्या कबुलीला आपल्या कायद्यात किंमत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये गेलं. चालतं एवढंच: ताब्यातला आरोपी म्हणाला, ‘कुऱ्हाड विहिरीत टाकली, चला दाखवतो’, आणि खरंच कुऱ्हाड निघाली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. त्याचा निवेदन पंचनामा करायचा, दोन पंच घ्यायचे.

मग पाच-सहा वर्षांनी तो पंच साक्षीला उभा राहतो. वकील विचारतो, विहिरीला पायऱ्या होत्या का? पंच छताकडे बघतो. कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा की सागाचा? पंच रुमाल काढतो. मग हळूच म्हणतो, ‘साहेब, मी टपरीवर चहा पीत होतो, बोलावलं म्हणून सही केली.’ फितूर! एवढ्या वर्षांची फाईल एका चहात बुडाली. हे कुठल्या रहस्यकथेत वाचलंय?

आता केळीवाल्यांसाठी. दोन साक्षीदारांच्या सांगण्यात थोडा फरक असला की नवा वकील खूश होतो. मुरलेला वकील उलटं बघतो. दोघं शब्दाला शब्द सारखं बोलले, तर साक्षीदार पढवलेले. गोर्डिएव्हस्की डिकीत होता, त्याने बाहेरचं काही पाहिलं नाही. लंगोटाचं सांगणारी माणसं वेगळी. त्यांचं आणि त्याचं जुळतं की नाही, थोडं इकडेतिकडे होऊनही जुळतं की नाही, हे बघा. मी न्यायाधीश असतो तर लंगोट मान्य केलं असतं.

तिखट मास्तरीण, नंदुरबार

‘लंगोट मान्य’! वर्गात हसू आवरेना.

मी मात्र केळीवाल्यांच्या बाजूने. लांब कशाला जायचं, आपलं चिमठाणं घ्या. धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना १४ एप्रिल १९४४ ला क्रांतिकारकांनी तिथे लुटला. साताऱ्याकडच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. घटना सोळा आणे खरी. पण आमच्या पट्ट्यात कुठल्याही गावी पारावर बसा, कुणाचा तरी आजा त्या दिवशी ‘तिथं व्हता’. कुणी भाकरी पोचवली, कुणी वाट दाखवली, कुणी नोटांचं गाठोडं एक रात्र कणगीत ठेवलं. सगळे धरले तर पलटण होईल. माझे स्वतःचे आजोबा दरवेळी नवीन सांगायचे. आधी त्यांनी धुरळा पाहिला होता, मग गाडी, आणि मी मॅट्रिकला येईपर्यंत बंदुकीचा आवाजही ऐकला होता.

ते खोटारडे नव्हते हो. पण त्यांचं सांगणं तसंच टिपून मी ‘सत्यकथा’ म्हणून छापलं असतं, तर?

आणखी एक. या असल्या पुस्तकांत बाई दिसते ती लंगोट बदलताना, नाहीतर जाळं टाकताना. नूर इनायत खान ब्रिटिशांसाठी पॅरिसमध्ये वायरलेस चालवायची. सप्टेंबर १९४४ मध्ये नाझींच्या डाखाऊ छळछावणीत तिला गोळी घातली. तिच्यावर पुस्तकं आहेत, तुमच्या दहा-अकरांत एकही नाही?

केळीवाला, रावेर

मास्तरीणबाई, नाही. चूक कबूल. पुढच्या खेपेला आणतो.

दप्तरखाना, धुळे

चिमठाण्याचं उदाहरण उलटं पडतंय, ताई. तारीख, माणसं, अंदाजे रक्कम तुम्ही ठामपणे सांगितली, ती आजोबांमुळे की कागदामुळे?

हेरगिरीतलंच देतो. ऑपरेशन मिन्समीट, १९४३. ब्रिटिशांनी एका प्रेताला मरीनच्या मेजरचा गणवेश चढवला, नाव दिलं विल्यम मार्टिन. खिशात वाङ्निश्चय झालेल्या मुलीचा फोटो, प्रेमपत्रं, नाटकाच्या तिकिटांचे तुकडे, आणि खात्यातून जादा पैसे उचलल्याबद्दल बँकेचं तगाद्याचं पत्र. सोबतच्या पेटीत दोस्त राष्ट्रांचा हल्ला ग्रीसवर होणार असं भासवणारी खोटी पत्रं. ३० एप्रिलला सेराफ पाणबुडीने प्रेत स्पेनच्या वेल्व्हा किनाऱ्याजवळ सोडलं. पत्रांतला मजकूर जर्मनांपर्यंत पोचला, त्यांनी तो खरा धरला आणि १० जुलैला दोस्त सिसिलीत उतरले.

यामागचा एक सूत्रधार युएन मोंटेग्यू. त्याने १९५३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलं, तो माणूस न्यूमोनियाने गेला आणि नातेवाइकांच्या संमतीने प्रेत घेतलं. साफ खोटं! १९९६ मध्ये रॉजर मॉर्गन नावाच्या हौशी संशोधकाला सरकारी अभिलेखागारात खरं नाव सापडलं: ग्लिन्डूर मायकल. वेल्सचा बेघर माणूस, उंदराचं विष पोटात जाऊन लंडनमध्ये मेलेला. १९९८ मध्ये वेल्व्हातल्या थडग्यावर त्याचं नाव कोरलं. सांगणारा खोटं बोलला, कागदाने पकडलं. कस लागला की नाही?

केळीवाला, रावेर

लागला. त्रेचाळीस वर्षांनी! तोवर जगाने मोंटेग्यूचं पुस्तक ‘सत्य’ म्हणूनच वाचलं ना? माझ्या खाटेवर आज जी पुस्तकं आहेत त्यांचा मॉर्गन कधी येणार? माझी बाग तोवर चारदा खोडून लावून होईल.

आणि त्या ग्लिन्डूरला कुणी विचारलं नव्हतं, हेच मला रात्रभर डाचलं. बाकी सगळं, फोटो, बँकेचं पत्र, किती हौसेनं रचलं होतं त्यांनी. माणूस तेवढा कुणाचा नव्हता.

निवृत्त कारकून, अमळनेर

बेवारस मयताचा पंचनामा मी पुष्कळ वेळा वाचलाय. ‘अंगावर निळा सदरा, खिशात काही नाही.’ इथे खिसा भरलेला आणि आत माणूस दुसराच.

बिनपगारी वाचक, चाळीसगाव

उशिरा आलो. पण सगळ्यांनी एक गंमत सोडली. प्रेतावर खोटे कागद ठेवून शत्रूला फसवायची ही कल्पना आली कुठून? सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता प्रमुखाच्या नावाने युक्त्यांची एक यादी निघाली. ती लिहिण्यात त्याचा मदतनीस इयान फ्लेमिंगचा, म्हणजे पुढे जेम्स बाँड लिहिणाऱ्याचा, हात होता असं मानतात. त्यात २८ व्या क्रमांकावर ही प्रेताची युक्ती होती, फारशी बरी नाही अशा शेऱ्यासकट. आणि ती उचलली होती बेसिल थॉमसनच्या रहस्यकथेतून. हा थॉमसन आधी स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडनच्या पोलिसांत, मोठा अधिकारी होता.

म्हणजे पोलिसाने रहस्यकथा लिहिली, ती हेरांनी वाचून खरी केली, त्यावर मोंटेग्यूने सत्यकथा लिहिली ती निघाली अर्धी खोटी, आणि ती दुरुस्त केली हौशी वाचकाने. आता कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी चहा टाकतो.

आप्पा, भुसावळ

मी काय म्हणत होतो! धनंजयच पुढे. आप्पाचं कुणी ऐकत नाही.

दप्तरखाना, धुळे

आप्पा, ती यादी आज वाचायला मिळते ती कागद जपला म्हणूनच. एवढं बोलून थांबतो.

केळीवाला, रावेर

ही यादी मला माहीत नव्हती. मत बदललं नाही अजून, पण थॉमसनची ती रहस्यकथा वाचल्याशिवाय आता चैन पडायची नाही. जळगावात कुणाकडे असेल तर कळवा, शनिवारी केळीची गाडी घेऊन येतोच आहे, घेऊन जाईन. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीने काही लिहू नका.

लाईट आली. तिसरा व्हॉल्व्ह सोडून येतो.