प्रतिसाद: सोसायटीत खरं गवत की प्लास्टिकचं?

वर एका सदस्याने म्हटलंय की प्लास्टिकचं गवत टाकलं की पाण्याचा प्रश्नच मिटतो. अर्धंच खरं आहे. मे महिन्यात दुपारी दोनला त्यावर अनवाणी उभं राहून बघा. आमच्याकडे पोरं चटके बसतात म्हणून संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकत नाहीत, आणि तापलेलं मैदान निववायला वॉचमन त्यावर पाइपने पाणी मारतो! म्हणजे पाणी वाचलं कुठे?

जिवंत गवत पानांतून बाष्प सोडतं, त्यामुळे स्वतः फार तापत नाही आणि भोवतालची हवाही जरा निवते. मुळांमुळे माती भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी मुरतं, चिखल वाहून जात नाही. चटईखालची माती मात्र गुदमरते, तिथे गांडूळ कुठून येणार? कृत्रिम मैदानांत भरायचे बारीक प्लास्टिक-रबराचे दाणे मातीपाण्यात पसरतात, म्हणून युरोपीय संघाने 2023 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली. त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

पाण्याचा मुद्दा खोटा नाही. मखमली लॉनच हवी असा हट्ट असेल तर टँकर लागणारच. पण आपली हरळी लावा ना. तीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी ती खणून काढताना मेटाकुटीला येतो, इतकी चिवट. उन्हाळ्यात पिवळी पडेल, पडू द्या. पहिल्या दोन-चार पावसांत परत हिरवी होते. फक्त कुंपणाशी वाफ्यांना कड घाला, नाहीतर गुलाबांत घुसेल.