मदत हवी आहे: जहाजवाल्या सोसायटीचं जुनं सर्टिफिकेट, अस्सल की नक्कल? (रविवारच्या आत!)

चिंचोके | गुरुवार, रात्री ९:४०
मंडळी, घाईत लिहितोय. गेल्या शनिवारी एका घरगुती सेलमध्ये एक फ्रेम उचलली. सोसायटीचं मेंबरशिप सर्टिफिकेट आहे, जुनं, कोरीव छपाईचं, कडेने जहाजंबिहाजं. विकणारे आजोबा म्हणाले, अस्सल आहे, एका कॅप्टनचं आहे. ६० डॉलर मोजले. बायको म्हणते रद्दी आणलीस. रविवारपर्यंत परत आणलं तर आजोबा पैसे देणार आहेत. अस्सल कसं ओळखायचं? गूगल करा असं कृपया सांगू नका, करून झालंय. फोटो चढत नाहीये.

कुंपणावरचा | ९:५२
सोसायटीचं मूळ सर्टिफिकेट कोणाच्याही हातात देऊ नका! आमच्याकडे एकाने शेअर सर्टिफिकेट असंच हरवलं. पोलिसात तक्रार, पेपरात जाहिरात, बॉण्ड पेपर, वर सेक्रेटरीची मनधरणी. आठ महिने गेले.

चिंचोके | ९:५५
काका, हाउसिंग सोसायटी नाही हो. जहाजावरच्या लोकांची.

डेकवरचा | १०:१०
बावीस वर्षं बोटीवर काढली. सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही असेल, तर ती पुस्तिका असते, फ्रेममध्ये नसते. देश कुठला, सोसायटी कुठली, साल काय? एवढं तरी सांगाल की नाही?

चिंचोके | १०:१४
सेलम मरीन सोसायटी. वर मोठ्या अक्षरात आहे. साल १७६६.

सुकटबोंबील | १०:१६
तमिळनाडूतल्या सेलमला समुद्र कुठून आला? आमचा जावई तिथे स्टील प्लांटात होता. आंबे मात्र एक नंबर.

चिंचोके | १०:१७
मॅसॅच्युसेट्समधलं सेलम! मी इथेच जवळ राहतो. मला वाटलं कळेल.

नॉर्थशोरकर | १०:४५
१७६६ हे सोसायटीचं जन्मसाल आहे, तुमच्या कागदाचं नव्हे. गूगलवरून उचललंत ना? तेव्हा सेलमच्या जहाज-कप्तानांनी एकत्र येऊन ती काढली. वर्गणी गोळा करायची आणि कोणी बुडाला, म्हातारा झाला, मागे विधवा-पोरं राहिली तर त्यातून मदत द्यायची. आपली भिशी आणि विमा एकत्र, असं म्हणा. बॉस्टनची अशीच सोसायटी त्याहून जुनी, १७४२ची. असं सर्टिफिकेट म्हणजे कप्तानाच्या दिवाणखान्यातला मान.

जुनाट | ११:०५
सोपी परीक्षा. कागद उजेडासमोर धरा. आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली तर जुना, नाहीतर नकली. तीस वर्षं जुनी पुस्तकं गोळा करतोय.

शाईखालचा कागद | ११:३०
जुनाट, असं सरसकट सांगू नका. बिनरेघांचा गुळगुळीत कागद इंग्लंडात १७५०च्या दशकात निघाला होता. रेघा नाहीत म्हणून १८३०चा कागद खोटा ठरत नाही.

चिंचोके, जेजेत असताना तांब्याचे पत्रे कोरून हाताची सालं काढली आहेत, त्या अधिकाराने लिहिते. या छपाईत रेघ पत्र्यात खोल कोरतात, तिच्यात शाई भरतात, वरची पुसून काढतात आणि ओलसर कागद ठेवून रुळांमधून काढतात. दाबाने कागद त्या खाचेत घुसतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून:

सोनाराचं भिंग घ्या आणि शिडाच्या दोरांवर ठेवा. ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, ती फोटोवरून केलेली नक्कल. तसली छपाई १८८०च्या दशकापासूनची. रेघ सलग आणि टोकाला निमुळती असेल तर पुढे चला.

दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च कागदाच्या पातळीत आडवा धरा. शाई रांगोळीच्या रेघेसारखी वर उठलेली दिसली पाहिजे.

शेवटी चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन शोधा. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका, नुसता कोरा पत्रा दाबूनही तो उठवतात.

आणि मेंबराचं नाव हाताने लिहिलंय का? शाईचा रंग काय?

चिंचोके | शुक्रवार, सकाळी ७:२०
भिंग नाही. कडा पुठ्ठ्याच्या खिडकीखाली आहेत, चौकोन दिसत नाही. मागून खिळे काढू का? खालचा डावा कोपरा काचेला चिकटलाय, तो ओढला तर निघेल असं वाटतंय.

सुकटबोंबील | ७:३१
हेअर ड्रायर मारा, लगेच सुटतो. लग्नाचा फोटो मी असाच काढला.

शाईखालचा कागद | ७:३३
हात लावू नका! ड्रायर नको, वाफ नको, सुरी तर नकोच. मागून खिळे अलगद काढा, पुठ्ठा बाजूला करा, पण काच आणि कागद एकत्रच राहू द्या. ते सोडवणं कागद दुरुस्त करणाऱ्याचं काम. आणि सुकटबोंबील, लग्नाच्या फोटोत आता किती जण दिसतात?

सुकटबोंबील | ७:४०
सासूबाई नाहीत. तक्रार कोणाचीच नाही.

नॉर्थशोरकर | ९:१५
तोवर एक गंमत. सेलममधल्या हॉथॉर्न हॉटेलच्या माथ्यावर याच सोसायटीची खोली आहे. हॉटेलच्या जागी आधी सोसायटीची इमारत होती. १९२५ साली हॉटेल उघडलं आणि बदल्यात त्यांना वर बैठकीची जागा मिळाली, आतून हुबेहूब जहाजाची केबिन. कुठल्या जहाजाची? ‘तारिया टोपन’. झांझिबारला स्थायिक झालेल्या कच्छी व्यापाऱ्याच्या नावाचं सेलमचं जहाज!

जुनाट | ९:३०
याच सोसायटीने मग ते प्रसिद्ध संग्रहालय काढलं.

नॉर्थशोरकर | ९:४१
नाही हो. ती ईस्ट इंडिया मरीन सोसायटी, १७९९ची. तिच्यात केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नपलीकडे गेलेला कप्तान नाहीतर मालाचा कारभारी, एवढ्यांनाच प्रवेश. त्यांनी जगभरातून आणलेल्या वस्तूंचं आजचं पीबॉडी एसेक्स संग्रहालय झालं. मुंबईचे नसरवानजी माणेकजी वाडिया सेलमच्या जहाजांचं काम बघायचे. त्यांनी १८०३ साली स्वतःचा पोशाख त्या संग्रहालयाला भेट पाठवला. म्हणून सांगतो, दोन्ही सोसायट्यांची खिचडी करू नका.

जुनाट | ९:४४
खिचडी मी केली नाही. नावं सारखी आहेत.

डेकवरचा | १०:०२
त्यांना हॉर्न वळसा घालून मेंबरशिप मिळायची. आम्ही तीनदा घातला, कंपनीने चहासुद्धा पाजला नाही.

चिंचोके | रात्री १०:५०
भिंग आणलं. ठिपके नाहीत, रेघा सलग. टॉर्चमध्ये शाई उठून दिसते, ताई म्हणतात तशी. मागून उघडलं, चौकोनी खळगा तीन बाजूंनी आहे, चौथी त्या चिकटलेल्या कोपऱ्याकडे. म्हणजे अस्सल ना? ठेवू?

शाईखालचा कागद | ११:०५
नाव. हाताने लिहिलेलं नाव. दुसऱ्यांदा विचारतेय.

चिंचोके | ११:०९
नाव नाहीये. तिथे रिकामी ओळ आहे. तारीख, सहीची जागा सगळं कोरं. पुसलं गेलं असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

शाईखालचा कागद | ११:२०
अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! त्या काळची लिहायची शाई लोखंडाची. ती तपकिरी होते, कागद खाते, पण अशी निमूट नाहीशी होत नाही. तुमचं सर्टिफिकेट कधी भरलंच गेलं नाही. एकतर कपाटात उरलेला छापील साठा, नाहीतर जुन्याच पत्र्यावरून पुढे कधीतरी काढलेली प्रत. रेघा दोन्हीत खऱ्याच दिसणार. यूव्ही टॉर्च मिळेल? १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेला पदार्थ निळसर चमकतो.

चिंचोके | ११:४८
बोक्याच्या कृपेने यूव्ही टॉर्च घरातच आहे (गालिचा). चमकला गालिचा. कागद नाही.

शाईखालचा कागद | शनिवार, सकाळी ८:१०
मग पत्र्यावरूनच छापलेलं आणि बहुधा १९५०च्या आधीचं, एवढं धरून चाला. नक्की दशक इथे बसून सांगता येणार नाही. पीबॉडी एसेक्सची फिलिप्स लायब्ररी राऊलीला आहे, तिथे ईमेल टाका, सोबत नीट फोटो आणि कागदाचं माप. पण ‘एका कॅप्टनचं’ हे मात्र नाही. कोऱ्या ओळीवर कॅप्टन कुठला? तेवढं आजोबांना दाखवा आणि भाव करा.

जुनाट | ८:३०
फ्रेममागचा पुठ्ठा तपकिरी असेल तर फेकून द्या, त्याचं आम्ल कागदात उतरतं. हे तरी बरोबर आहे ना ताई?

शाईखालचा कागद | ८:३२
शंभर टक्के.

चिंचोके | रविवार, संध्याकाळी ६:१५
परत दिलं नाही. आजोबांना कोरी ओळ दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितली आणि न बोलता वीस डॉलर हातावर ठेवले. काच तशीच आहे. ईमेल टाकला आहे, उत्तर आलं की इथे लिहितो. बायको म्हणते, रद्दी ती रद्दीच, फक्त चाळीसची झाली.

कुंपणावरचा | ६:४०
सगळा धागा वाचला. नाव कोरं आहे म्हणता, तर निदान नॉमिनेशनचा फॉर्म भरून ठेवा. तीन प्रतींत.