थंड पाण्यात पोषकद्रव्यं जास्त, हे गणित ध्रुवांजवळ का जमत नाही?

समुद्रवेडी

नमस्कार मंडळी. वर्ल्ड ओशन अ‍ॅटलास या जगभरच्या समुद्र-मोजमापांच्या संग्रहातला डेटा घेऊन समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि नायट्रेट (एक पोषकद्रव्य) यांचा आलेख काढत होते. उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यात चित्र सरळ येतंय, कोमट पाण्यात नायट्रेट जवळपास शून्य आणि पाणी थंड होत गेलं की ते वाढत जातं. पण ध्रुवांकडे सरकलं की सगळं विस्कटतं. अंटार्क्टिकाभोवती उणे १ अंशाच्या पाण्यात भर उन्हाळ्यातसुद्धा नायट्रेट २० ते २५ मायक्रोमोल, आणि कॅनडाच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात तेवढ्याच थंड पाण्यात ते जवळजवळ नाहीच! तापमान तेच, मग एवढा फरक कसा?

दुसरं म्हणजे दक्षिणेत पोलर फ्रंट (अंटार्क्टिकाभोवतीचं गार पाणी आणि उत्तरेचं कोमट पाणी यांची सीमा) ओलांडून उत्तरेला आलं की सिलिकेट धाडकन खाली येतं, नायट्रेट मात्र सावकाश उतरतं. दोन्ही संपवणारे डायटम (सिलिकेटपासून काचेसारखं कवच बनवणारे सूक्ष्म शैवाल) तेच ना, मग एक आधी आणि एक नंतर असं का? लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मला हे नीट समजून घ्यायचंय.

खारंपाणी

प्रश्न छान आहे, आणि आलेख काढून विचारलाय म्हणून जास्त आवडला.

आधी हे बघा की गार पाण्यात पोषकद्रव्यं असतात ती गारपणामुळे नसतात. वर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) नायट्रेट, फॉस्फेट वापरतात, मरतात, खाली बसतात, तिथे कुजून ते सगळं पुन्हा पाण्यात मिसळतं, त्यामुळे साठा कायम खालीच असतो. उष्ण समुद्रात खालचं पाणी गार असतं, म्हणून तिथे पृष्ठभागावर गार पाणी दिसलं की ते खालून आलंय एवढंच कळतं. तापमान ही तिथे पाण्याची ओळख झाली. ध्रुवांजवळ हवाच पाण्याला गोठणबिंदूपर्यंत म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपास नेते, मग ते खालून आलंय, नदीतून आलंय की बर्फ वितळून, तापमानावरून काहीच सांगता येत नाही.

आता दोन ध्रुवांतला फरक. गोठणबिंदूजवळच्या पाण्याची घनता तापमानाने फारशी बदलत नाही, उष्णकटिबंधातल्या पाण्याच्या तुलनेत परिणाम साधारण दहापटीने कमी, त्यामुळे तिथे कोण वर राहणार आणि कोण खाली जाणार हे क्षारता म्हणजे पाण्याचा खारटपणा ठरवतो. आर्क्टिकमध्ये जगातल्या महासागरांच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी आहे पण जगभरच्या नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे ११ टक्के तिथे येऊन पडतं, ओब, येनिसे, लेना, मॅकेन्झी या सगळ्या तिकडेच जातात, वर बर्फ वितळतो ते वेगळंच. हे गोडसर पाणी झाकणासारखं वर बसतं आणि ब्यूफोर्टमध्ये तर वारा चक्राकार फिरून ते मध्यभागी गोळा करतो, तिथे पृष्ठभागाची क्षारता उन्हाळ्यात २८ च्याही खाली जाते. वादळ आलं तरी हा थर सहजासहजी फुटत नाही. वरचं नायट्रेट एकदा संपलं की संपलं, आणि खाली दीडशे मीटरवर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून आलेलं पॅसिफिकचं पाणी पोषकद्रव्यांनी भरलेलं तसंच पडून असतं. म्हणूनच तिथे उन्हाळ्यात प्लवकांच्या हिरवेपणाचा पट्टा पृष्ठभागावर न दिसता ५०-६० मीटर खाली दिसतो, उपग्रहाला तो कळत पण नाही.

त्याही खाली अटलांटिकचं पाणी आहे, वरच्यापेक्षा उबदार आणि खारट. नॉर्वेच्या नान्सेनने १८९३ ते १८९६ च्या फ्राम जहाजाच्या मोहिमेत दोऱ्या सोडून मोजमापं घेतली तेव्हा गोठलेल्या समुद्राखाली शून्याच्या वरचं पाणी सापडलं होतं. उबदार पाणी खाली आणि गोठणारं वर, हे क्षारतेशिवाय शक्यच नाही.

डायटमप्रेमी

वरचं उत्तर आर्क्टिकसाठी चोख आहे, मी दक्षिणेचं सांगतो, माझा जीव त्यातच अडकलाय.

अंटार्क्टिकाभोवती जमीन आडवी येत नाही, पश्चिमी वारे अखंड वाहतात आणि पृष्ठभागाचं पाणी उत्तरेकडे ढकललं जातं, त्याची जागा भरायला खोलवरचं जुनं पाणी वर येतं. ते येतानाच नायट्रेट ३० च्या वर आणि सिलिकेट त्याच्या दोन-तीन पट घेऊन येतं. एवढं खाद्य असूनही प्लवक ते संपवत नाहीत कारण लोह नाही. पृष्ठभागावर विरघळलेलं लोह बऱ्याच ठिकाणी ०.२ नॅनोमोलपेक्षा कमी, म्हणजे नायट्रेटच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिनने हे १९९० च्या आसपास ठासून मांडलं. मग १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला सॉयरी प्रयोगात पाण्यात लोह सोडलं, प्लवक वाढले आणि त्यांचा पट्टा काही आठवड्यांनी उपग्रहाच्या चित्रात दिसत होता. केर्गेलन बेटांजवळ तर निसर्गच हे करतो, उथळ पठारावरून लोह वर येतं आणि आजूबाजूच्या ओसाड निळ्या पाण्यात तेवढाच भाग हिरवा होतो.

आता सिलिकेटचं. लोह पुरेसं असलं की डायटम नायट्रेट आणि सिलिकेट साधारण सारख्या प्रमाणात घेतात. लोहाची उपासमार झाली की नायट्रेट कमी वापरलं जातं, कारण नायट्रेट पचवायच्या एन्झाइमलाच लोह लागतं, पण कवच बनवणं चालू राहतं, त्यामुळे प्रत्येक नायट्रेटमागे दोन-तीन किंवा जास्त सिलिकेट जातं. शिवाय मेल्यावर नरम भाग वरच्या वर कुजतो आणि नायट्रेट परत मिळतं, काचेसारखं कवच मात्र खोल जाऊन सावकाश विरघळतं. पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना हे सतत होत राहतं, म्हणून पोलर फ्रंटपर्यंत येईतो सिलिकेट संपत आलेलं असतं आणि नायट्रेट शिल्लक असतं. तुमच्या आलेखातली ती धाडकन पडलेली रेघ म्हणजे हेच.

याचे परिणाम लांबवर पोचतात. पोलर फ्रंटच्या उत्तरेला हिवाळ्यात हे पाणी खाली बसतं आणि जगभर पसरतं, सार्मिएन्टो आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या हिशोबाप्रमाणे ३० अंश दक्षिणेच्या उत्तरेकडच्या महासागरातलं जवळपास तीन चतुर्थांश प्लवक-उत्पादन या पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर चालतं. आणि त्यात नायट्रेट आहे पण सिलिकेट नाही, म्हणजे विषुववृत्ताजवळ डायटम किती वाढणार हे बऱ्याच अंशी अंटार्क्टिकाभोवती ठरतं. हे वाचलं तेव्हा मी रात्रभर नकाशे बघत बसलो होतो.

समुद्रवेडी

दोघांचेही मनापासून आभार, डोक्यात प्रकाश पडला. मग लोह टाकलं की सगळीकडे डायटम वाढणार का? आणि माझ्या आलेखात मी सगळे महिने एकत्र घेतलेत, त्याने काही बिघडतं का?

डायटमप्रेमी

सगळीकडे नाही. २००९ चा भारत-जर्मनीचा लोहाफेक्स प्रयोग बघा, दक्षिण अटलांटिकमध्ये जिथे लोह सोडलं तिथे सिलिकेट आधीच संपलेलं होतं. प्लवक थोडे वाढले पण डायटम नव्हते, बाकीच्यांना छोट्या प्राण्यांनी खाऊन टाकलं आणि कार्बन फारसा खोल गेला नाही. म्हणून लोह टाकून, प्लवकांकरवी हवेतला कार्बन खोल समुद्रात पाठवून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांनी आधी सिलिकेटचा नकाशा उघडावा असं माझं ठाम मत आहे.

बर्फाखालचा

महिन्यांबद्दल मी सांगतो. बिघडतं, आणि बरंच. ध्रुवीय समुद्रात जहाजं बहुतेक उन्हाळ्यातच जातात त्यामुळे हिवाळ्याचे आकडे विरळ आहेत, नकाशात दिसतो तो रंग बऱ्याच ठिकाणी आजूबाजूच्या मोजमापांवरून भरलेला असतो.

६५ अंश दक्षिणेला जानेवारीतली एक प्रोफाइल (एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली मोजमापं) वरून खाली वाचून बघा. सगळ्यात वर पाणी शून्याच्या आसपास, उन्हाने थोडं तापलेलं, नायट्रेट २४-२५. मग ८०-१०० मीटरला तापमान एकदम उणे १.७ पर्यंत घसरतं, हा मागच्या हिवाळ्याचा उरलेला थर, नायट्रेट २८-३०. त्याच्याखाली तीनशे मीटरपर्यंत पाणी पुन्हा उबदार होत शून्याच्या वर जातं आणि नायट्रेट ३२-३३. म्हणजे या खालच्या भागात उबदार पाण्यातच पोषकद्रव्यं जास्त, तुमच्या आलेखातला नियम उलटा! हा मधला गार थर फार कामाचा आहे, त्यातलं नायट्रेट हिवाळ्याच्या शेवटचं धरलं आणि त्यातून वरचं वजा केलं की त्या उन्हाळ्यात प्लवकांनी किती वापरलं याचा अंदाज मिळतो, वर किती बर्फ वितळून मिसळलाय तेवढा हिशोब मात्र क्षारतेवरून करून घ्यायचा.

२०१४ पासून सोकॉम प्रकल्पाचे फ्लोट्स (आपोआप वरखाली होणारी तरंगती यंत्रं) दक्षिण महासागरात सोडलेत, ते दर १० दिवसांनी २००० मीटरवरून वर येतात आणि अतिनील प्रकाशाने नायट्रेट मोजतात, वर बर्फ आहे असं तापमानावरून वाटलं तर बाहेर न येता डेटा जपून ठेवतात आणि मोकळं पाणी मिळालं की पाठवतात. हिवाळ्याचा खरा डेटा हवा तर तोच घ्या. सिलिकेट मात्र ते मोजत नाहीत, त्याला जहाजावरचीच मोजमापं लागतील.

खारंपाणी

एक राहिलं, आर्क्टिकमध्ये वर्षं पण एकत्र करू नका. बर्फ कमी झालाय, प्रकाश जास्त मिळतोय, १९९८ ते २०१८ मध्ये तिथलं प्लवक-उत्पादन ५७ टक्के वाढल्याचं २०२० मध्ये उपग्रहाच्या डेटावरून दाखवलंय, आणि त्यातल्या नंतरच्या वर्षांतली वाढ नुसत्या बर्फ जाण्याने समजत नाही, कुठून तरी नवीन पोषकद्रव्यं येत असणार. पण बॅरेंट्समध्ये अटलांटिकचं पाणी आत सरकतंय आणि ब्यूफोर्टमध्ये गोडं पाणी साठत गेलंय, दोघांची सरासरी काढली तर दोन्ही गोष्टी हरवतील. दोन्हीकडचे आलेख वेगळे काढा, तापमानाच्या जागी आडव्या अक्षावर क्षारता घ्या, आणि झालं की इथेच टाका. आम्ही वाट बघतोय.