मदत हवी आहे: दाबाचं गणित, उत्तर जुळत नाही (तातडीचं!)

घाईतला बाबा
मुलीचा उद्या विज्ञानाचा पेपर. विहिरीत १० मीटर खोलीवरचा दाब काढायचाय. एच-रो-जी (खोली गुणिले पाण्याची घनता गुणिले गुरुत्वत्वरण जी) लावलं, ९८,००० आलं. पुस्तकामागे जवळजवळ दुप्पट दिलंय. पुस्तक चुकलंय ना? लवकर सांगा, पोरगी पेंगायला लागलीये.

तिरकस
"जवळजवळ दुप्पट" म्हणजे नेमकं किती? एकक? आणि प्रश्न जसाच्या तसा टाका हो.

मिसळपाव
जी ९.८ घेतला का १०? आम्ही कायम १० घ्यायचो.

तिरकस
१० घेऊन ९८ हजारांचे एक लाख होतील. दुप्पट कुठून?

कोकणी माणूस
विहिरीचा व्यास दिलाय का? विहीर मोठी तर पाणी जास्त, दाबही जास्त.

जुना मास्तर
व्यासाचा संबंध नाही. तळाचं क्षेत्रफळ दुप्पट केलंत तर वरच्या पाण्याचं वजनही दुप्पट होतं, भागाकार तोच. बोअर असो की धरण, पृष्ठभागापासून १० मीटर खाली पाण्याचा दाब तेवढाच.

कोकणी माणूस
हे कागदावर. आम्ही गच्चीवर ५०० लिटरची टाकी काढून १००० ची बसवली, शॉवरला काय धार आली!

जुना मास्तर
पाइप तोच ठेवला होता?

कोकणी माणूस
नाही, तोही बदलला. अर्ध्या इंचाचा होता, एक इंची टाकला.

तिरकस
घ्या!

मनीमाऊ
शॉवरवरून आठवलं, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच, तरी धार नाही. प्रेशर पंप बसवावा का?

घाईतला बाबा
अहो, विहीर! उत्तर १,९९,००० पास्कल आहे. प्रश्न: "१० मीटर खोलीवरील एकूण दाब काढा." वातावरणीय दाब १,०१,००० दिलाय, तो पुढच्या उपप्रश्नासाठी असेल म्हणून सोडला.

जुना मास्तर
"एकूण" हा शब्द आधी का नाही सांगितलात? करा बेरीज. पाण्याच्या डोक्यावर हवाही बसलेली आहे. एच-रो-जीने फक्त पाण्याचा दाब येतो. पंक्चरवाल्याकडचं गेज बघा, बसलेल्या टायरला शून्य दाखवतं. आत हवा नसते का? असते, बाहेरच्याइतक्याच दाबाची. गेज फक्त वरचा फरक मोजतं.

कोकणी माणूस
मग काठावरचा पंप खोल विहिरीतून पाणी ओढत नाही, ते यामुळेच?

जुना मास्तर
पंप ओढतच नाही, तो पाइपातली हवा काढतो. विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ती फार तर १०.३ मीटर ढकलेल. व्यवहारात सात-आठ मीटरच धरा. टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये हेच पाऱ्यावर दाखवलं. पारा साडेतेरा पट जड, म्हणून तो ७६ सेंटीमीटरवर थांबतो.

घाईतला बाबा
जुळलं! मुलगी म्हणते, तिने आधी बेरीजच केली होती. मी खोडायला लावली.

मनीमाऊ
पंपाचं कोणी सांगणार का?

जुना मास्तर
टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपासून किती वर आहे? मजले नकोत, मीटर सांगा.